माळ्यावरचं अर्धं इंजिन

मागच्या कार्यक्रमात आम्ही बोलता बोलता सांगून गेलो की आमच्या गटाने आगगाडीचं एक इंजिन चालू केलं. त्यावर कितीतरी जणींनी विचारलं, शेवया-पापडाचा गट इंजिनात कुठे शिरला? म्हणून आज तेच सविस्तर सांगतो. इंजिन खरं नाही, छोटं आहे, वीतभर लांबीचं. पण त्यात अडकलेलं काम खरंच होतं, आणि ते सोडवताना आम्हाला जे कळलं ते इंजिनापुरतंच आहे असं आम्हाला वाटत नाही.

दिवाळीच्या आधी आमच्या काकींकडे माळा साफ करायला आम्ही चौघी-पाचजणी गेलो होतो. पितळेची मोडकी भांडी, जुना स्टोव्ह, सायकलची चेन असं सगळं खाली काढलं. भंगारवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. त्यात धोतराच्या फडक्यात बांधलेली एक पत्र्याची पेटी निघाली. काकींच्या मुलाने ती उघडून पाहिली आणि म्हणाला, "आई, हे पण देऊन टाक, किलोवर जाईल." काकी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पेटी उचलली आणि आत नेऊन पलंगाखाली सरकवली.

काका कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे इंजिन करायला घेतलं आणि ते अर्धं टाकून गेले. पेटी अकरा वर्षं माळ्यावर होती. काकींचं म्हणणं एवढंच होतं, "पुरं झालं असतं तर मी कुणालाही दिलं असतं. अर्धं कसं देऊ?"

आधी काका काय करत होते ते सांगतो. आपल्याकडच्या मोठ्या वयाच्या बायांना बार्शी लाईट आठवत असेल. अरुंद रुळांची गाडी, दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनीअरने ती आखली. 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला तुकडा सुरू झाला. तेव्हा कुर्डुवाडीच्या स्टेशनचं नावच बार्शी रोड होतं. पुढे 1906 मध्ये गाडी पंढरपूरला पोचली, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला. 1954 मध्ये ती सरकारने घेतली. आता तो सगळा मार्ग रुंद रुळांचा झाला आहे आणि ती गाडी फक्त आठवणीत आहे.

कॅलथ्रॉपचा मुद्दा साधा होता. रूळ हलके असतील तर बांधणी स्वस्त पडते. पण हलक्या रुळावर जड इंजिन घातलं तर रूळ वाकणार. म्हणून त्याने नियम केला की गाडीचा कुठलाही डबा असो की इंजिन, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. आस म्हणजे एक्सल, दोन चाकांना जोडणारा दांडा. आता इंजिन तर जड हवं, नाहीतर ते ओढणार काय? मग भार जास्त आसांवर वाटून द्यायचा. एकीच्या डोक्यावर चार घागरी न देता चौघींना एकेक दिली, तसंच. इंग्लंडात लीड्स शहरातल्या किटसन कंपनीने या गाडीसाठी जी पहिली इंजिनं बनवली, त्यांना ओढणारी आठ चाकं होती, म्हणजे चार आस, आणि मागे कोळशाच्या पेटीखाली आणखी चार छोटी चाकं. पाणी आणि कोळसा इंजिन स्वतःच्याच अंगावर वाहायचं, मागे वेगळा डबा नाही. काकांना हेच इंजिन करायचं होतं.

त्यासाठी त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक परदेशी खेळण्यातलं इंजिन आणलं होतं. विजेवर चालणारं, ओढणारी आठ चाकं असलेलं. त्याचा वरचा सांगाडा काढून टाकायचा, खालची चाकं आणि मोटर ठेवायची, पुढची दोन छोटी चाकं काढायची, मागे चार बसवायची आणि वर पत्र्याचं नवं अंग चढवायचं. छोट्या गाड्या करणारे लोक असं रूपांतर नेहमी करतात, कारण चाकं आणि मोटर घरी बनवणं फार अवघड, अंग बनवणं त्या मानाने सोपं.

आम्हाला पहिला प्रश्न हा पडला की ते खेळणं तर मोठ्या रुळांवरच्या परदेशी इंजिनाचं होतं. त्याचं आपलं अडीच फुटी इंजिन कसं होणार? याचं उत्तर आमच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंना सगळ्यात आधी कळलं. काकांच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलं होतं, "एका फुटाला पाव इंच." म्हणजे खऱ्या इंजिनावर जे एक फूट आहे ते इथे पाव इंच करायचं. अडीच फूट रुळाचं मग किती झालं? पाच सूत. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर जवळजवळ सोळा. आणि त्या खेळण्याच्या रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर आहे! फरक अर्ध्या सुतापेक्षाही कमी.

ते खेळणं बनवणाऱ्याने माप वेगळं धरलं होतं. खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. त्या मापाने साडेसोळा मिलिमीटर म्हणजे चार फूट साडेआठ इंच, परदेशातला नेहमीचा रूळ. काकांनी अठ्ठेचाळिसावा भाग धरला. रूळ तोच, चाकं तीच, पण आत बसणारा माणूस जवळजवळ दुप्पट उंच झाला आणि त्यामुळे तोच रूळ अरुंद दिसायला लागला. ताई म्हणाल्या, कापड तेच ठेवून अंगाचं माप बदललं. आम्ही खडूने फळीवर सहा फुटी ड्रायव्हर काढून पाहिला, दीड इंचाचा. त्या खेळण्याच्या जुन्या दारात तो कमरेतूनच मावत नव्हता. तेव्हा आम्हाला पटलं की काकांनी वरचं सगळं का काढून टाकलं.

जुनं अर्धं काम हातात घेतलं की आपला पहिला विचार असतो, जिथे राहिलं तिथून पुढे करायचं. आम्हीही तेच करणार होतो, पत्रा आणि कात्री घेऊनच बसलो होतो. बरं झालं की काकींनी आधी वही वाचायचा हट्ट धरला. पांढऱ्या चादरीवर पेटीतला एकेक तुकडा मांडला, पापड मांडतो तसा, आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवले. स्क्रू सोळा, त्यातले दोन वाकडे. पत्र्याचे कापलेले भाग अकरा. चाकांचा सांगाडा एक. मोटर एक. दोन बाजूंच्या दोन दांड्या, प्रत्येकीला चार भोकं. आणि वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर दोनच शब्द, "दांड्या अडकतात."

त्याच्या आधीची चार पानं त्याच दुखण्याची होती. चाकं फिरतात, फिरतात, आणि एका ठिकाणी खट्ट करून थांबतात. काकांनी भोकं कानशीने घासून थोडी मोठी केली. पुन्हा अडकलं. आणखी घासली. पत्र्याचं काम उत्तम झालेलं होतं, मापात होतं. म्हणजे काम कंटाळा आला म्हणून बंद पडलं नव्हतं. एका गाठीपाशी बंद पडलं होतं. ती गाठ सोडवल्याशिवाय वर कितीही सुंदर अंग चढवलं तरी इंजिन खट्ट करून थांबणारच होतं.

आधी मोटर जिवंत आहे का पाहिलं. नऊ व्होल्टचा चौकोनी सेल मोटरच्या दोन टोकांना लावला. काहीच नाही. मोटर काढून पाहिली तर आतलं ग्रीस जुन्या पाकासारखं घट्ट होऊन बसलेलं. ते स्पिरिटने पुसलं. इथे एक सांगून ठेवतो, रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नका, प्लास्टिक मऊ पडतं आणि जवळ ठिणगी असली तर काय होईल ते सांगायला नको. मोटरच्या तांब्याच्या गोलावर कोळशाची काजळी साचते, त्याच्या खाचा दात कोरायच्या काडीने साफ केल्या. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, खरंच एकच, सुईच्या टोकाने. पुन्हा सेल लावला आणि मोटर गुणगुणायला लागली. काकी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

सांगाड्याचं ओतीव धातूही तपासलं. अशा जुन्या खेळण्यांत जस्ताचं मिश्रण असतं, आणि त्यात शिसं मिसळलेलं असेल तर वर्षानुवर्षांनी ते फुगून, तडे जाऊन भुगा होतं. त्याला औषध नाही. आमचं ठणठणीत निघालं.

आता दांड्यांची गोष्ट. ही नीट ऐका, कारण सगळं यातच आहे. पायाने चालवायची शिलाई मशीन तुम्ही चालवली आहे ना? कधीकधी पाय दाबला तरी चाक हलत नाही, किंवा उलटं फिरतं. तेव्हा आपण हाताने चाकाला धक्का देतो. असं का होतं? दांडी बरोबर सगळ्यात वर किंवा सगळ्यात खाली असते, आणि तिथे जोर लावला तर चाकाला कुठल्या बाजूला फिरायचं ते कळत नाही. इंजिनालाही हेच होईल. म्हणून इंजिनाच्या दोन बाजूंच्या दांड्या एकसारख्या बसवत नाहीत. डाव्या बाजूची खुंटी बाराच्या ठिकाणी असेल तर उजवीकडची तीनच्या ठिकाणी, म्हणजे पाव फेऱ्याचा फरक. एक बाजू अडते तेव्हा दुसरी बाजू पूर्ण जोरात असते.

छोट्या इंजिनातही हे लागतंच. मोटर एकाच आसाला फिरवते, बाकीचे तीन आस दांड्यांच्या ओढीने फिरतात. तेव्हा चारही आसांवर तो पाव फेऱ्याचा फरक तंतोतंत सारखा हवा. एका आसावर तो जरा जरी हलला, तर डावी दांडी म्हणते पुढे चल, उजवी म्हणते थांब, आणि खट्ट.

आम्ही सगळे आस काढले. मग दोनच आस बसवले, दांड्या लावल्या आणि गुळगुळीत फरशीवर हाताने फिरवून पाहिलं. छान फिरले. तिसरा घातला, छान. चौथा घातला, अडकलं. चौथा काढून हातात घेतला. आमच्यातली एक मुलगी आयटीआयला शिकते. तिने दोन्ही हातांनी त्याची दोन चाकं धरली आणि पिळून पाहिली. ती एकमेकांपासून वेगळी फिरली!

या इंजिनात आस एकसंध नव्हता. वीज रुळांतून येते, एका रुळातून जाणारी आणि दुसऱ्यातून येणारी, म्हणून डावं आणि उजवं चाक एकमेकांना धातूने जोडलेलं चालत नाही. म्हणून आसाचे दोन अर्धे तुकडे करून मध्ये प्लास्टिकची एक छोटी नळी बसवली होती. त्या नळीला केसाएवढी तड गेली होती. मोबाईलचा कॅमेरा मोठा करून पाहिली तेव्हा दिसली. तडेमुळे पकड सुटली, चाक जरासं सरकलं, पाव फेऱ्याचा हिशोब बिघडला. दांड्यांचा दोष काहीच नव्हता.

खोलीत जरा वेळ कुणी बोललं नाही. मग काकींनी विचारलं, "म्हणजे यांचं चुकलं होतं?"

आम्ही काय सांगणार? खोटं सांगणं बरं नव्हतं. आयटीआयच्या मुलीने सांगितलं, "काकी, अडकत होतं दांडीपाशी, म्हणून त्यांनी दांडी घासली. दुखणं आत होतं." काकी म्हणाल्या, "सहा महिने घासत होते. डोळ्यात मोतीबिंदू. मी म्हणायचे, ठेवा आता. एक दिवस ठेवलंच." त्या दिवशी आम्ही पुढे काही केलं नाही. चहा घेतला आणि घरी गेलो.

पुढच्या आठवड्यात दोन मतं पडली. मुलाचं म्हणणं, नव्या दांड्या मागवू, घासलेल्या कशाला ठेवायच्या? आमच्यातल्या दोघीतिघींनाही तेच बरोबर वाटलं, कारण भोकं सैल झालेली होती आणि सैल दांडी खडखडते. काकी ठाम होत्या, दांड्या त्याच राहतील. मग मधला मार्ग सोनाराने काढला. आठपैकी पाच भोकं घासलेली होती. त्याने बारीक पितळी नळीचे पाच तुकडे कापून त्या भोकांत बसवले, डाग देऊन पक्के केले आणि आतून पुन्हा मापाचं भोक पाडलं. वर्कशॉपात याला बुश बसवणं म्हणतात. मोठ्या इंजिनाच्या झिजलेल्या भोकांनाही हेच करतात. काकांनी नोकरीत हे काम किती वेळा केलं असेल कोण जाणे. स्वतःच्या इंजिनाला मात्र त्यांना ते करायची वेळ आली नाही.

प्लास्टिकच्या नळ्या आम्ही एक नाही, चारही बदलल्या. एकीला तड गेली तर बाकीच्या त्याच वयाच्या आहेत. सुटे भाग मुलाने मागवले. स्वस्त नव्हते, हे सांगायला हवं. त्या नळीला फेविक्विक लावायचा प्रयत्न आम्ही आधी करून पाहिला होता. ते प्लास्टिक असं असतं की त्याला काही चिकटतच नाही. वेळ आणि नळी दोन्ही वाया गेलं.

पाव फेरा जुळवताना आम्ही आरसा वापरला. चाकाच्या आऱ्या मोजायच्या, डावीकडची खुंटी वर, आणि पलीकडे आरशात उजवीकडची खुंटी तीनवर आहे का बघायची. एक आस जुळवला की बाकीचे त्याच्यासारखे. यात दोन दुपारी गेल्या. मग फळीवर मीटरभर रूळ ठोकला, सांगाडा नुसताच ठेवला, आणि बटण फिरवलं. गेला. परत उलटं फिरवलं, वीज उलटी झाली, सांगाडा मागे आला. खट्ट नाही.

अंगाचं काम त्या मानाने भराभर झालं, कारण काकांनी बरंच करून ठेवलं होतं. तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेल्या पाण्याच्या टाक्या, ड्रायव्हरची खोली, धुराड्याची गोल नळी. जोड देताना नवसागर किंवा तेजाब लावलं असेल तर मोटरपासून दूर काम करा आणि नंतर सगळं पाण्याने धुऊन वाळवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज चढतो. टाक्यांच्या आत आम्ही लोखंडी नट भरले, कारण हलकं इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसतं. वजन ओढणाऱ्या चाकांवर आलं पाहिजे, पुढे किंवा मागे झुकता कामा नये.

एक फजिती झाली ती सांगतो. अंग चढवलं, बटण फिरवलं आणि सगळं बंद. पुन्हा केलं, पुन्हा बंद. आम्हाला वाटलं मोटर गेली. या सांगाड्याचे दोन अर्धे भाग असतात, एकात डाव्या रुळाची वीज, दुसऱ्यात उजव्याची. मूळ खेळण्याचं अंग प्लास्टिकचं होतं म्हणून चालत होतं. आमचं पत्र्याचं. पत्रा दोन्ही अर्ध्यांना टेकला आणि वीज मोटरमध्ये न जाता पत्र्यातूनच परत गेली. घरातल्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पट्टी कापून मध्ये घातली, आणि चाललं. एक्स-रे काकांच्या गुडघ्याचा होता, हे नंतर लक्षात आलं. काकी हसल्या, म्हणाल्या, "बसले शेवटी इंजिनात."

आता राहिलंय ते मागच्या चार चाकांचं. ती वळणावर मोकळी डुलली पाहिजेत, घट्ट बसवली तर इंजिनाचा मागचा भाग उचलला जातो आणि ओढणारी चाकं रूळ सोडतात. सध्या ती एका स्क्रूवर आणि बॉलपेनमधल्या स्प्रिंगवर आहेत, पण स्प्रिंग जरा कडक आहे. ज्यांना अशा छोट्या गाड्या चालताना पाहायच्या आहेत त्यांनी पुण्याला गेल्यावर कोथरूडमधलं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघावं, मुलांना तर न्यावंच.

आणि रंग अजून दिलेला नाही. काळा अस्तराचा हात मारून ठेवलाय. काकांच्या वहीत रंगाबद्दल काही नाही, आणि कोळशाच्या पेटीची मागची बाजू कशी होती, शिडी डावीकडे होती की उजवीकडे, तेही नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी बार्शी लाईटच्या जुन्या इंजिनाचा फोटो असेल, लग्नाच्या वऱ्हाडाचा असो की पंढरपूरच्या यात्रेचा, पाठीमागे इंजिन दिसत असेल तर येत्या शनिवारच्या बैठकीला घेऊन या. फोटो आम्ही ठेवून घेणार नाही, मोबाईलवर उतरवून तिथेच परत देऊ. बैठक काकींच्याच ओसरीवर आहे, दुपारी तीन वाजता.